मशीन नंबर तीन आणि आईंचा स्वेटर

"केतकी, तुझी सासू अशी नव्हती गं," यमूमावशी म्हणाल्या.

रेवाचं बारसं होतं. बाहेरच्या खोलीत बायकांची घुगऱ्या वाटायची घाई चालली होती. मी रेवाला पाजायला आत आले होते. मावशी, म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, माझ्या मागोमाग आल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या.

"अशी म्हणजे?"

"अशी म्हणजे अशी. बघ तिकडं, भिंतीला टेकून बसलीय. अगं, आमच्या इस्लामपुरात कुणाचं बारसं असलं की पाळणा म्हणायला आधी इंदूला बोलावणं यायचं. आणि आज स्वतःच्या नातीच्या पाळण्याला हिच्या तोंडून आवाज फुटत नाही. एकदा डॉक्टरला दाखव तिला."

"मावशी, बाबा गेल्यापासून त्या..."

"दाजींना जाऊन किती वर्षं झाली? रडायचं तेवढं रडून झालं तिचं. हे रडणं नाही. मी बहीण आहे तिची."

"बरं, बघते," मी म्हणाले. तेवढ्यात रेवाला उचकी लागली आणि मावशींचं बोलणं तिथंच राहिलं.

त्या दिवसांत माझं लक्ष दुसऱ्या कशावर असणं शक्यच नव्हतं. रेवा झोपली की तिचा श्वास चालू आहे ना, म्हणून मी नाकापाशी बोट धरून बघायची. ती रडली की काळजी, नाही रडली की जास्त काळजी. आणि सासूबाईंचं, म्हणजे आईंचं म्हणाल, तर त्या माझ्या लग्नापासून अशाच होत्या. कमी बोलणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या, काही सांगितलं की "बरं" म्हणणाऱ्या. माझ्या माहेरी आईचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण इथं कॉलनीतच झालं आणि ते करायला आई गावाहून आल्या. कॉलनीतल्या बायका मला म्हणायच्या, "नशीब काढलंस हो. सासू घरात आहे हे कळतसुद्धा नाही."

मला ते खरंच नशीब वाटायचं.

आमची कॉलनी घाटाच्या पायथ्याशी होती. वर धरण, डोंगराच्या पोटातून खाली येणारे पाण्याचे बोगदे, आणि खाली आंबेघोळचं पॉवरहाऊस. माझा नवरा रणजित वर धरणाच्या दारांवर इंजिनियर आणि मी खाली पॉवरहाऊसला. वीज तयार करणारी चार मशीनं. आतल्या बाजूचं रोटर फिरत असतं आणि त्याभोवती माणसाच्या दुप्पट उंचीचा स्टेटर उभा असतो. माझ्याकडे होती त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारी नवी यंत्रणा. बेअरिंगवर, शाफ्टजवळ, स्टेटरवर सेन्सर बसवायचे. कंपन किती, तापमान किती, सगळं एका कॉम्प्युटरमध्ये येणार. तो कॉम्प्युटर आधी नुसता बघत बसतो. पावसाळाभर मशीनं जोरात चालतात, तेवढ्यात त्याने प्रत्येक मशीनची नेहमीची चाल शिकून घ्यायची. मग चाल बदलली की कुठं बिघडलंय ते त्याने आपणहून सांगायचं. सगळं ठीक असलं की पडद्यावर मशीनपुढं हिरवा ठिपका, नाहीतर तांबडा.

आमचा इक्बाल तांबोळी त्याला 'वैद्यबुवा' म्हणायचा. "मॅडम, वैद्यबुवांनी नाडी धरली का आज?" असं विचारत तो चहा घेऊन यायचा.

रजा संपवून मी कामावर रुजू झाले तेव्हा उन्हाळा लागला होता. रेवा दिवसभर आईंजवळ. मी दर तासाला घरी फोन करायची.

"आई, रेवा काय करतेय?"

"झोपलीय."

"दूध घेतलं का?"

"घेतलं."

"सगळं?"

"बरं," आई म्हणायच्या. प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, पण मी हसून फोन ठेवायची. त्यांचं तसंच असायचं.

एक दिवस मी जेवायच्या सुट्टीत घरी आले तर पायऱ्यांवरच करपल्याचा वास. दार उघडंच. गॅसवर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, घरभर धूर, आणि आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेल्या. रेवा पाळण्यात जागी होती, मूठ चोखत. मी आधी गॅस बंद केला, मग रेवाला उचललं, मग रडले. आईंना हलवून उठवावं लागलं.

"दूध होय," त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "ठेवलं होतं मी."

ना दचकल्या, ना चुकचुकल्या. मला राग आला तो त्याचाच.

संध्याकाळी रणजित पातेलं घासत होता. काथ्याने, राखेने, कशाने काही निघत नव्हतं.

"आता हिच्याच्यानं होत नाही," तो म्हणाला. "वयच झालंय."

"साठच्या आतबाहेर आहेत रे त्या."

"मग काय करायचं? आज दूध, उद्या..." त्याने पाळण्याकडे बघितलं. "दादाकडे गावाला पाठवू. अक्षय्य तृतीयेनंतर दादा येईल न्यायला. तिथं बसून राहील निवांत. आपण रेवासाठी बाई बघू."

मला रणजितच्या थोरल्या भावाचं, दादांचं घर माहीत होतं. शेतातलं, एकाकडेला. तिथं दिवसभर माणूस नसायचं. जाऊबाई शाळेत शिक्षिका, दादा मळ्यात. तिथं आई खुर्चीत बसून राहिल्या असत्या आणि त्या बसून राहिल्यात हे कुणाला कळलंही नसतं. पण मी गप्प राहिले. मला माझं मूल दिसत होतं.

रणजितने आईंना सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हटलं, आता तरी रडतील, भांडतील, काहीतरी म्हणतील.

"बरं," आई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मशीन नंबर दोन दुरुस्तीहून परत सुरू व्हायचं होतं. त्याचं सगळं खोलून झालं होतं. शाफ्ट सरळ रेषेत घेतला, बेअरिंगं नवी बसवली, स्टेटरच्या खाचांतल्या पाचरी पुन्हा घट्ट ठोकल्या. स्टेटरमध्ये तांब्याच्या जाड पट्ट्या खाचांत बसवलेल्या असतात आणि त्या हलू नयेत म्हणून वरून पाचरी मारतात, सुतार कुऱ्हाडीच्या दांड्याला मारतो तशा.

आमचे कार्यकारी अभियंता खर्शीकर साहेब स्वतः कंट्रोल रूममध्ये येऊन उभे होते. मशीनने वेग घेतला. एरवी दोन नंबर चालू झालं की पायाखालच्या जाळीला झिणझिण्या यायच्या. त्या दिवशी काहीच नाही. टेबलावरच्या चहावर तरंगसुद्धा उठेना.

"वा!" साहेब म्हणाले. "लोण्यासारखं चाललंय."

आणि वैद्यबुवांनी तांबडा ठिपका लावला. पाठोपाठ घंटी. पडद्यावर ओळ आली: मशीन दोन, कंपन असामान्य, तपासणी करावी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आकडे काढून बघितले. कंपन होतं पूर्वीच्या निम्मं.

इक्बाल पोट धरून हसायला लागला. "मॅडम, आपले वैद्यबुवा! धडधाकट माणूस समोर आला तर म्हणे ॲडमिट करा!"

साहेबही हसले. "साळुंखे मॅडम, ह्याला समजवा जरा."

"त्याची काय चूक," इक्बाल डोळे पुसत म्हणाला. "बिचाऱ्याने निरोगी मशीन कधी बघितलंच नाही."

मीसुद्धा हसत होते. हसता हसता थांबले.

दोन नंबर कधीपासून खराब होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. हळूहळू झालं असणार. वैद्यबुवा शिकायला बसले तो पावसाळा त्या दुखण्याचाच होता. त्यांनी दुखणंच नेहमीची चाल म्हणून पाठ केलं आणि रोज इमानदारीने हिरवा ठिपका लावत राहिले. दोन नंबर खोललं गेलं ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही, ठरलेल्या दुरुस्तीची पाळी आली म्हणून.

"साहेब," मी म्हणाले, "तीन नंबर पण त्याच पावसाळ्यात शिकवलंय."

"मग?"

"तीन नंबरचे आकडे दोनच्या जुन्या आकड्यांसारखेच आहेत. आत्ताचे नाहीत, जुने."

"मर्यादेच्या आत आहेत ना?"

"आत आहेत. पण दोनचेही आतच होते."

साहेबांचं हसू गेलं. बाहेर उन्हाळा पेटला होता. संध्याकाळी सगळीकडे पंखे, कूलर चालू झाले की आमच्याकडे मागणीचा फोन यायचा. "अशा दिवसांत मशीन बंद ठेवायचं? हिरवा ठिपका असलेलं? मी वर काय सांगू?"

"सांगा की हिरवा ठिपका म्हणजे बरं आहे असं नाही. हिरवा म्हणजे काल होतं तसंच आज आहे, एवढंच."

साहेबांनी पडद्यावरचे दोन्ही मशीनचे आकडे पुन्हा वाचले. मग त्यांनी फोन उचलला. सकाळची मागणी कमी असते, तेवढ्या वेळापुरतं तीन नंबर मिळालं.

दुसऱ्या दिवशी मशीन थांबवून गार झाल्यावर मी आणि इक्बाल आत उतरलो. टॉर्चच्या उजेडात स्टेटरच्या खाचा उभ्या ओळींत दिसत होत्या. तिथं पाचरी तपासायची पद्धत साधी आहे. छोटी हातोडी घ्यायची, एकेक पाचर ठोकायची आणि ऐकायचं. घट्ट असली तर टण्ण वाजते. सैल असली तर बद्द.

मी ठोकायला सुरुवात केली.

टण्ण. टण्ण. बद्द.

इक्बाल खडूने खूण करत होता. बद्द. टण्ण. बद्द. बद्द. थोड्या वेळाने तो विनोद करायचा थांबला. काही खाचांच्या कडेला पांढरट, तेलकट पूड जमली होती. पट्ट्या हलून हलून वरचं आवरण झिजत होतं, त्याची पूड. आणखी थोडे महिने असंच चाललं असतं तर आत जाळ झाला असता. मशीन तर गेलंच असतं. त्या वेळी त्या मजल्यावर कोण असतं, ते मात्र सांगता येत नाही.

"आणि रोज हिरवं," इक्बाल म्हणाला. "आपण रोज चहा पीत बघत होतो, मॅडम."

तीन नंबर दुरुस्तीसाठी बंदच ठेवायचं ठरलं आणि दुपारी मी घरी निघाले. पॉवरहाऊसच्या दारातून बाहेर पडलं की उन्हाळ्यात वाफेच्या भांड्यात डोकं घातल्यासारखं होतं. कोकणाकडचा तो उकाडा. गेटवरचे रखवालदार बनियनवर बसलेले. कॉलनीतली कुत्री गाड्यांखाली. आमच्या घरासमोर आले तर आई व्हरांड्यात खुर्चीवर. मांडीवर रेवा, नुसत्या लंगोटावर. रेवाच्या कपाळावर घामाचे थेंब.

आणि आईंच्या अंगात स्वेटर. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, चॉकलेटी, लोकरीचा.

तो स्वेटर मी रोज बघत होते. माझ्या लग्नातही त्यांच्या साडीवर शाल होती, ती बघितली होती. त्यांचं सगळं मी बघितलेलंच होतं. पाठही होतं.

"आई, उकडत नाही का तुम्हाला?"

"नाही गं. थंडी वाजते." आवाज जाड, घोगरा, खोलातून आल्यासारखा.

बद्द, माझ्या मनात आलं.

मी पायरीवरच बसले आणि यमूमावशींना फोन लावला.

"मावशी, आई पूर्वी कशा होत्या?"

"का गं? काय झालं इंदूला?"

"काही झालं नाही. तुम्ही सांगा. माझं लग्न व्हायच्या आधी, बाबा असताना. कशा होत्या?"

मावशी सांगायला लागल्या आणि मी बाहीने घाम पुसत ऐकत राहिले. इंदू म्हणे बाजारात गेली की भाजीवाले हात जोडायचे, इतकी घासाघीस करायची. इंदू झिम्मा खेळायला उतरली की बाकीच्या दमून बसायच्या. आवाज असा की मागच्या गल्लीतून हाक मारली तरी पोरं ताटावर येऊन बसायची. रणजितला एकदा चिंचेच्या झाडावरून हाक मारून उतरवलं होतं, आणि उतरल्यावर धोपटलं होतं. उन्हाळ्यात तर ओली साडी खिडकीला टांगून झोपायची.

"ओली साडी?"

"हो तर. उकाडा म्हणजे तिचा वैरी."

मी आईंकडे बघितलं. त्या रेवाच्या पायाचा अंगठा धरून बसल्या होत्या. चेहरा गोल, सुजट. भुवया कडेला विरळ झालेल्या. मला तो चेहरा प्रेमळ वाटायचा. मी त्यांचा दुसरा चेहरा कधी बघितलाच नव्हता. आणि रणजित शिक्षणासाठी घराबाहेर पडला तो नोकरीला लागेपर्यंत सणासुदीलाच घरी जायचा. मग वडील गेले, आई गप्प झाली, आणि सगळ्यांनी त्या गप्प होण्याला एक कारण देऊन टाकलं.

संध्याकाळी मी रणजितला म्हणाले, "आईंना गावाला पाठवायच्या आधी तालुक्याला डॉक्टरांकडे नेऊ."

"वयाला औषध असतं का?"

"आई पूर्वी ओली साडी टांगून झोपायच्या?"

त्याने वळून बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"झोपायच्या की नाही?"

"हो," तो हळूच म्हणाला. मग त्याने व्हरांड्यातल्या स्वेटरकडे बघितलं.

तालुक्याच्या डॉक्टर मध्यमवयाच्या बाई होत्या, घाईत नसलेल्या. त्यांनी आईंचा गळा चाचपला, हाताची कातडी बघितली, बोलायला लावलं. मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकायला लावून पावलं मोकळी सोडली आणि रबरी हातोडीने टाचेच्या वर हलकेच ठोकलं. पाऊल हललं. पण परत जागेवर यायला त्याने वेळ लावला, जसं काही ते विचार करत होतं. डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. मी त्या हातोडीकडे बघत होते.

"किती दिवस अशा आहेत ह्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच," रणजित सवयीने म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून नाही. आम्ही बघायला लागलो तेव्हापासून."

डॉक्टरांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा त्या म्हणाल्या, "थायरॉईड अगदी तळाला गेलंय. हे आत्ताचं नाही, वर्षांचं आहे. एवढ्या थराला आलेलं माणूस एखाद्या तापाने, एखाद्या गारठ्याने झोपेत जातं, आणि लोक म्हणतात सुखाने गेली. बरं झालं आणलंत. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी. हळूहळू वाढवू. घाई करायची नाही."

"आई, ऐकलंस ना?" रणजितने त्यांचा हात धरला. "रोज गोळी घ्यायची."

"बरं," आई म्हणाल्या.

लगेच काही झालं नाही. मी रोज बघायची आणि रोज तेच दिसायचं. माझी धास्ती आता दोघींमध्ये वाटली गेली होती, एक पाळण्यात आणि एक खुर्चीत. दादांना फोन करून येणं पुढं ढकलायला सांगितलं. ते म्हणाले, "काय फरक पडणार आहे?" मला तरी कुठं माहीत होतं.

मग एक दिवस कामावरून आले तर स्वेटर दोरीवर वाळत होता. धुऊन.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. रेवा शेजारी चमचा आपटत होती. आईंनी वांग्याच्या भाजीचा घास घेतला, थांबल्या आणि ताट सरकवलं.

"ही भाजी कुणी केली?"

"मी," मी म्हणाले.

"मीठ महाग झालंय का?"

माझा हात घासासकट थांबला. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती. काय होतंय ह्यांना? बीपी वाढलं का? गोळी जास्त झाली का? मी फोनकडे हात नेला आणि रणजितकडे बघितलं. तो तोंडावर हात दाबून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हीच," तो म्हणाला. "केतकी, हीच आई."

"रडायला काय झालं?" आई त्याच्यावर खेकसल्या. "मीठ आण आतून. आणि ह्या पोरीला भूक लागलीय, चमचा कसा आपटतेय बघ. आईबापाचं लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक!"

मी उठून मीठ आणलं. डब्याचं झाकण काढताना लक्षात आलं, मीसुद्धा तांबडा ठिपकाच लावायला निघाले होते.

दादा पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आले, सहज म्हणून. म्हणाले, "आई, यायचं का मग गावाला? पाठवतायत ना हे लोक."

आईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "मी आहे इथं. माझी नात आहे, माझं घर आहे. मला कोण पाठवतंय ते समोर येऊन सांगा."

कुणी समोर आलं नाही.

आता रेवा शाळेत जाते. आई तिच्या बसवाल्याशी रोज भांडतात. आमचंही पटतं असं नाही. माझं कणीक मळणं त्यांना आवडत नाही, त्यांची टीव्ही मोठ्याने लावायची सवय मला आवडत नाही. त्या शांत, प्रेमळ, बरं म्हणणाऱ्या सासूची मला कधीकधी आठवण येते आणि मग भीती वाटते. कॉलनीतल्या बायका आता म्हणत नाहीत, नशीब काढलंस म्हणून. आणि तीन नंबर पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही वैद्यबुवांना पहिल्यापासून शिकायला बसवलं, पण आधी मशीन बरं आहे ना, ते ठोकून बघून.

तुमच्या घरात कुणी असेल. तुम्ही आलात तेव्हापासून गप्प असलेलं, कशालाच नाही न म्हणणारं, ज्याचा कुणालाच त्रास नाही असं. त्याचा स्वभावच तसा आहे, असं तुम्हीही सांगत असाल. त्याला तुमच्या आधीपासून ओळखणारं कुणीतरी अजून असेल, एखादी बहीण, एखादी मैत्रीण. तिला आज फोन करा. एवढंच विचारा, ही पहिल्यापासून अशीच होती का?